झेंडूचे दोन वाटे

आई, आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. समोर असतीस तर पहिल्या वाक्यालाच मला गप्प केलं असतंस, म्हणून लिहूनच भांडते.

मखमलाबादच्या मळ्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू पोत्यावर झेंडूचे दोन वाटे घातलेस, दहा-दहा फुलांचे. मी पाच वर्षांची. माझ्यादेखत त्यातला एक हातभर पसरलास आणि विचारलंस, "आता कोणत्यात जास्त हायेत?" मी पसरलेल्याकडे बोट दाखवलं. तू हसली नाहीस. माझा हात धरून एकेक फूल मोजायला लावलंस, परत पसरलंस, परत मोजायला लावलंस. "फसू नको. बाजारात वाटा असाच पसरून घालत्यात," म्हणालीस. तूही तसाच घालायचीस, ते सोड. तिसऱ्या खेपेला मला कळलं आणि तू माझ्या वेणीत एक फूल खोचलंस.

पुढे मी शिक्षिका व्हायला शिकत होते, तेव्हा पुस्तकात हेच सापडलं, फक्त फुलांऐवजी मणी. एक स्विस शास्त्रज्ञ म्हणतो, मुलाचा विचार टप्प्याटप्प्यानं आपला आपण वाढतो, वय झालं की कळतं, घाई करू नका. दुसरा, रशियन, म्हणतो, मूल आज जे कोणाचा हात धरून करतं, ते उद्या एकटं करतं. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात तुला हे ऐकवलं. तू गजरा ओवत विचारलंस, "दोघांनाबी लेकरं होती का?" होती, म्हटलं. "मंग भांडत्यात कशाला?" तीस वर्षं मी अध्यापक विद्यालयात फळ्यावर मधोमध रेघ मारून त्या दोघांची तुलना शिकवली. दोघांचंही मूल पुढेच जातं, उलट मागे जाणाऱ्या मुलासाठी फळ्यावर जागाच नाही, हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

माझी नात आता सात वर्षांची आहे. लेक सिन्नरला कारखान्यात जाते, सकाळी सातची बस, त्यामुळे शाळेचा वेळ सोडला तर पोरगी दिवसभर माझ्याजवळ. गेल्या दसऱ्याला मी तिच्यापुढे तसेच दोन वाटे घातले. "सारखेच आहेत ना आजी, तू एक नुसता पसरलास," असं म्हणून तिनं मलाच वेड्यात काढलं. या दसऱ्याला पुन्हा घातले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि पसरलेल्याकडे बोट दाखवलं. मी हसण्यावारी नेलं. मग दिवाळीत ती सँडलचा पट्टा हातात धरून बसलेली दिसली. रोज स्वतः लावायची. आता तो कशासाठी असतो हेच तिला उमगत नव्हतं. परवा तिनं मला विचारलं, "जिना कुठे गेला?" आम्ही जिन्यातच उभ्या होतो.

शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, तेव्हा मी लेकीला म्हटलं, वय झालं की येईल, प्रत्येक मुलाची आपली चाल असते. त्या स्विस माणसाच्या आड लपले. मग दुसऱ्याच्या आड. लेक घरी यायच्या आधी मी रोज पोरीचा हात हातात घेऊन पट्टा लावून घेते, वाटे मोजून घेते, वारांची नावं म्हणून घेते. लेक आली की पोरगी सगळं नीट करून दाखवते. "तू आहेस म्हणून मला घोर नाही," असं लेक म्हणते आणि चहा टाकते. मी कप पुढे करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या हातात त्यातलं काही उरलेलं नसतं. रोज थोडं जास्त शिकवावं लागतं.

तुझ्याशी भांडण हेच आहे. हात धरायला तू शिकवलंस. कधी सोडायचा, ते नाही.

उद्या अकरा वाजता कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. शाळेनं फारच लावून धरलं म्हणून लेकीनं रजा काढली. डॉक्टर मला बाहेर बसवतील आणि पोरीला एकटीला प्रश्न विचारतील. काय विचारतात ते मला ठाऊक आहे, जन्मभर तेच शिकवलं. हे पत्र लेकीच्या हाती द्यायला हवं, तुझ्या नव्हे. देणार नाही. आज दुपारी मी पोरीकडून सगळी उत्तरं घोटून घेतली.