आबांचा उजवा डोळा

आबा, तुम्ही उशीरच केला, हे मी अजूनही म्हणतो. डोळा लालभडक झाला, कपाळ ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तेव्हा कुठे तुम्ही गावाहून पॅसेंजरमध्ये बसून इकडे माझ्याकडे उधन्याला उतरलात. आधी यायला काय झालं होतं, म्हणून मी प्लॅटफॉर्मवरच ओरडलो. तुम्ही डोळ्यावर पंच्याचा बोळा धरून उभे, आणि म्हणता काय, “आते ऊनू ना भो.” आलात, पण ठणका जाण्यापुरतेच आलात. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, नजर नाही आली. मोतीबिंदू पिकून पाझरला, डोळ्यात दाब वाढला, आतली नस सुकली, असं मोठे डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मला काय दिसलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दवाखान्यात ऑपरेशनच्या दुर्बिणीला कॅमेरा लावलेला, आणि शेजारच्या खोलीत शिकाऊ डॉक्टर टीव्हीसमोर वह्या घेऊन बसलेले. मला दारात उभं राहू दिलं. टीव्हीवर परातीएवढा एक डोळा. सुईचं टोक लागलं आणि त्यातून दूध निघावं तसं पांढरं पाणी आलं. एवढा मोठा डोळा तुमचा असेल असं वाटेनाच. मग टीव्हीतूनच, हिरव्या कापडाखालून तुमचा आवाज आला, “मना पोऱ्या बाहेर शे का?” डॉक्टर म्हणाले, “है काका, बाहर है. हिलना मत.” सगळे शिकाऊ डॉक्टर वळून माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघत होतो.

पुढे पट्टी बदलायला आपण रोज जायचो, तेव्हा एकदा दवाखान्याच्या व्हिडिओने कॅसेट खाल्ली. पांडेसऱ्यात मिलची पाळी सुटली की मी व्हिडिओ पार्लरवर कॅसेटी लावायचो, त्यामुळे हात सरावलेला. पट्टा सोडवला, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, चित्र लख्ख. मोठे डॉक्टर म्हणाले, इथेच काम कर. मी तुमच्याकडे पाहिलं. एका वर्षात तीन मिला बदलल्या होत्या मी, मध्ये कडोदऱ्याला लूमवरही जाऊन आलेलो. तुम्ही एका डोळ्यानेच मला रोखून बघत म्हणालात, “ऱ्हाय. एक जागावर तरी ऱ्हाय.” राहिलो, आबा. चौथीपर्यंत शिकलेला मी, डॉक्टरांच्या वर्गात कॅसेटी लावतो.

तुम्ही गेलात तेव्हा हार घालायला घरात फोटो निघाला नाही. आई रडत होती आणि मला आठवत होती ती तुमच्या ऑपरेशनची कॅसेट. नवीन बॅच आली की तीच लावायला सांगतात, पिकायची वाट बघितली की काय होतं ते दाखवायला. तुमचा डोळा येतो, खालच्या पापणीवरचा तीळ येतो. आवाज येण्याआधी मी बटणाजवळ जाऊन बसतो. बारीक करायला नाही, थोडा मोठा करायला.

आता कॉम्प्युटर आलाय. सगळ्या कॅसेटींची मिळून एक चकती बनवताहेत, गावोगावच्या डॉक्टरांना पाठवायला. मूळ आवाज काढून टाकायचा आणि त्या जागी एक डॉक्टर बेन बोलणार. तुमच्या डोळ्यापाशी त्यांनी कागदावरून वाचलं, की दर्दीच्या, म्हणजे पेशंटच्या, बेदरकारीमुळे हा डोळा गेला.

मी मशीन थांबवलं.

“शुं थयुं?” बेन म्हणाल्या.

“बेन, हे वाक्य नको.”

“का? खोटं आहे?”

“दर्दीने आधी पत्र पाठवलं होतं. डोळ्यापुढे धूर दिसतो, येऊ का म्हणून.”

“कोणाला पाठवलं होतं?”

“मला.” आणि मीच पुढे सांगितलं, “मी लिहिलं, पिकू द्या, दिवाळीनंतर या.”

बेननी कानावरचे हेडफोन काढले. कागदावर फुली मारली, पेन दातात धरून बसल्या. “मग काय वाचू? तूच बोल.”

“घरच्यांनी थांबवलं, असं वाचा.”

त्यांनी तसंच वाचलं. तुमचा आवाज मात्र त्या चकतीत नाही. जुनी कॅसेट मी मागून घेतली, पण तिच्यावर आता पाऊस पडल्यासारख्या रेघा येतात, म्हणून फार लावत नाही.

पत्रात मी तुम्हाला अजून एक लिहिलं होतं, की सिझन आहे, शेठ सुट्टी देत नाही. तुम्ही ते गावभर सांगितलंत म्हणे, पोराला शेठ सोडत नाही, फार कामाचा आहे. आबा, मी शेठला विचारलंच नव्हतं. आमच्या खोलीत अकरा जण पाळीपाळीने झोपायचे. तुम्हाला कुठे निजवू, आणि चार दिवस हात धरून कुठे फिरवू, एवढंच तेव्हा मनात आलं.

हे आताचं पत्र कोणत्या पेटीत टाकणार. गावी आईलाही आता दिव्याभोवती कडं दिसतं आणि तीही पिकू दे म्हणते. काल मोठ्या डॉक्टरांकडे चार दिवसांची सुट्टी मागितली, त्यांनी मान वर न करता दिली. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळींची जागा असते, तिथे लिहिलंय की शेजारच्या अक्काला सोबत घे आणि याच आठवड्यात ये. दोघींच्या भाड्याचे दोनशे रुपये पाठवतोय.