माझे 'हो', माझे घर आणि अकरा यार्ड गडगा

मी, क्विंटिन एबेनेझर मॅक्लिमाँट, वय वर्षे त्र्याऐंशी, धंदा दगडी गडगे रचणे (गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून बंद), राहणार चर्च लेन, बारलॉकन, गॅलोवे, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. मला भरीस पाडू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी ग्रिझेल, आणि ती साडेसहा वर्षांपूर्वी वारली.

पत्त्यात 'स्कॉटलंड'च्या पुढे मी ब्रिटन वगैरे काही लिहिलेले नाही. वकीलबाई मिस ड्रायस्डेल म्हणाल्या, पत्ता पूर्ण हवा. मी म्हणालो, "पत्रं येतात ना? मग पूर्णच आहे."

कलम १. ऑक्टोबर २०१४ मध्ये केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी माझा मेहुणा स्ट्रूआन हॅने ह्याचे नाव वगळले होते आणि स्वतंत्र स्कॉटलंडच्या पहिल्या सरकारी तिजोरीला शंभर पौंड ठेवले होते. ती तिजोरी अजून उघडायची आहे. दरम्यान घरचा बॉयलर फुटला.

कलम २. बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी मारियन हिचे. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या मतदानाच्या वेळी सगळे एकच विचारीत, "वेगळे झालो तर नाणं कुठलं चालणार?" मला तेव्हाही उत्तर माहीत नव्हते, आताही नाही. माझ्या मृत्यूच्या दिवशी बारलॉकनच्या दुकानात पाव ज्या पैशाने मिळेल, तोच पैसा या कलमात अभिप्रेत आहे.

कलम ३. हत्यारे. माझी दगड फोडायची सुतकी, दोन पहारी, दोरी व तिच्या खुंट्या, आणि गडग्याचा उतार धरायचा लाकडी साचा, हे सर्व उपरोक्त स्ट्रूआन हॅने ह्याला द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर गावाला वाटेल की माझे डोके खरोखरच ठिकाणावर नव्हते.

गडगा रचायला दोन माणसे लागतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला. चुना नाही, सिमेंट नाही. दोन्ही अंगे बरोबरीने चढवायची आणि मधल्या पोटात कपच्या ठासून भरायच्या. स्ट्रूआन ग्रिझेलचा धाकटा भाऊ, मला दाजी म्हणतो. १९७८ पासून छत्तीस वर्षे आम्ही असे समोरासमोर काम केले. गडगा छातीपर्यंत आला की मला त्याचे फक्त तोंड दिसे, आणि ते कधी बंद नसे.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही नॉकॅरनच्या शेतावर काम धरले होते. सप्टेंबरात मतदान होते: स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावे का, हो की नाही. मी 'हो'चा. तो 'नाही'चा.

"दाजी, वेगळं झालो तर युरोप आपल्याला दारात उभं करणार नाही. गडग्यांचं अनुदान बंद. मग रचा दगड हवेत."

"आपले निर्णय आपण घ्यायचे, एवढंच म्हणणं आहे माझं."

"तुम्ही? तुमच्या डब्यात चीज जाणार की हॅम, तेसुद्धा ताई ठरवते!"

दगड बसवता बसवता असे चाले. तोपर्यंत ते भांडण नव्हते, काम होते.

अठरा सप्टेंबरला आम्ही तिघे मिळून गावच्या सभागृहात मत द्यायला गेलो. आम्ही दोघे आधी बाहेर आलो आणि ग्रिझेलची वाट बघत पायरीवर उभे राहिलो. ती आली.

"कुणाला दिलंस?" दोघांनी एकदमच विचारले.

"पेटीला," ती म्हणाली. "चला, सूप गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल रेडिओवर ऐकला. शंभरातले पंचावन्न 'नाही', पंचेचाळीस 'हो'. आमच्या भागात तर तिघांतले दोघे 'नाही'वाले. तरी मी आठ वाजता कामावर गेलो, कारण गडगा अर्धा उभा होता. स्ट्रूआन आधीच आलेला. त्याने चांगल्या सपाट दगडांचा एक ढीग वेगळा काढून ठेवला होता.

"हे तुमच्यासाठी काढलेत, दाजी," तो म्हणाला. "बांधा तुमचा देश."

तो थट्टा करत होता. हे मला आज समजते. त्या सकाळी समजले नाही. मी दोरी गुंडाळली, सुतकी उचलली आणि चालत घरी आलो. अकरा यार्डांची खिंड तशीच राहिली. स्ट्रूआनने हट्टाने दोन दिवस एकट्याने आपली बाजू चढवली. तिसऱ्या दिवशी ती त्याच्याच पायावर आली आणि दोन बोटे मोडली. हे ऐकून मला आनंद झाला होता. मृत्युपत्रात खरे लिहायचे असते म्हणून लिहिले.

साडेचार वर्षे आम्ही बोललो नाही. बारलॉकनमध्ये न बोलणे सोपे नाही; दुकान एक, दारूचा गुत्ता एक, चर्च एक. तो आला की मी उठायचो. ग्रिझेल दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जाई आणि परत आल्यावर मला तिथले काही सांगत नसे, तिथे माझे काही सांगत नसे. असे ती म्हणे.

मध्ये फक्त दोन पोस्टकार्डे झाली. २०१६ साली स्कॉटलंड 'नको नको' म्हणत असताना ब्रिटन युरोपातून बाहेर पडायचे ठरले, तेव्हा मी लिहिले, "स्ट्रूआन, युरोप भेटला तर माझा नमस्कार सांग." उलट टपाली कार्ड आले, "दाजी, गप्प बसा." मी ते चुलीत टाकणार होतो. ग्रिझेलने हातातून काढून घेतले आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवले. "दाजी लिहिलंय," ती म्हणाली. "वाचता येतं ना?"

फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गेली. दफनानंतर त्याच सभागृहात चहा, सँडविच आणि सॉसेज रोल होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. स्ट्रूआन बशी घेऊन आला आणि न विचारता शेजारी बसला. एक सॉसेज रोल उचलला.

"ताई माझ्या बाजूची होती," तो म्हणाला. "आता तरी कबूल करा."

"कुठल्या बाजूची?"

"'नाही'च्या. मला तिनं स्वतः सांगितलं. मतदानानंतरच्या रविवारी, जेवताना."

"मला तिनं गुरुवारीच सांगितलं. 'हो' दिलं म्हणून."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. साडेचार वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे तुम्हाला फसवलं," तो म्हणाला.

"किंवा तुला."

"किंवा दोघांना. मतपत्रिका कोरीच टाकली असेल."

"पेटीला दिलं, असं म्हणाली होती ती."

त्यावर त्याला असे हसू फुटले की सॉसेज रोल घशात अडकला. मी पाठीत गुद्दे घालू लागलो, त्याचा चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. पाद्रीबुवांना वाटले आम्ही जुंपलो, ते धावत आले. मग मीही हसत होतो, आणि मग मी हसत नव्हतो, आणि स्ट्रूआनने माझा कोट धरून ठेवला होता.

त्याच वसंतात आम्ही नॉकॅरनची खिंड बुजवली. तरुणपणी दोन दिवसांचे काम, आम्हाला नऊ दिवस लागले. नऊही दिवस मतदानावरच बोललो. त्याचे मत बदललेले नाही, माझेही नाही. गडगा सरळ आहे.

हत्यारे मिळाल्यावर तो म्हणेल की त्याची सुतकी माझ्या सुतकीपेक्षा चांगली आहे. आहे. तरी घ्यावी.

कलम ४. परसातल्या खोपटातला निळा 'हो' असा फलक शेजारच्या श्रीमती विनिफ्रेड पॅजेट यांना द्यावा. बाई इंग्लंडातल्या केंटहून येऊन इथे स्थायिक झालेल्या. बोलणे खास तिकडचे. इंग्रजीण म्हणजे 'नाही'च, असे धरून त्या उन्हाळ्यात मी त्यांना साधा नमस्कार केला नाही. शिडी मागितली तर "मोडली आहे" म्हणालो. शिडी मोडलेली नव्हती. निकालाच्या दिवशी दुपारी त्या लिंबाचा केक घेऊन दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"मिस्टर मॅक्लिमाँट," त्या म्हणाल्या, "आपण हरलो."

"आपण?" मी विचारले. इतका लहान मी कधी झालो नव्हतो.

फलकावर 'हो'पुढे कोणीतरी काळ्या रंगात 'का?' लिहिले आहे. अक्षर पाद्रीबुवांचे आहे, हे मी पहिल्या दिवशीच ओळखले होते. मी त्यांना क्षमा करतो. वाक्य बरे झाले आहे. पुसू नये. शिडीही बाईंनाच द्यावी.

कलम ५. राहते घर, परस आणि सफरचंदाचे झाड माझी एकुलती मुलगी मारियन हिला, बिनशर्त.

'बिनशर्त' हा शब्द नंतर घातला आहे. आधी इथे एक अट होती. मारियन सीमेपलीकडे, इंग्लंडात हेक्सम गावी राहते. गुराढोरांच्या दवाखान्यात काम करते. २०१४ च्या मतदानाला नियम असा होता की जो स्कॉटलंडात राहतो त्याला मत. बाहेर राहणाऱ्याला नाही, मग तो इथे जन्मलेला का असेना. ऑगस्टमध्ये तिने फोन केला.

"बाबा, पॅजेटबाईंना मत आहे आणि मला नाही! माझी आई तिथे, माझी शाळा तिथे. माझा देश राहणार की जाणार, हे ठरणार आणि मी इथे नुसती टीव्ही बघणार?"

मी म्हणालो, "तू गेलीस तेव्हाच तुझं मत दिलंस."

तिने फोन ठेवला. त्यानंतर ती आईशी बोलायची. मी उचलला तर म्हणायची, "आई आहे का?"

२०२१ साली माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती सहा आठवडे इथे राहिली. मला उठवले, बसवले, मोजे घातले, आणि त्या वाक्याबद्दल एक अक्षर काढले नाही. निघायच्या दिवशी गाडीची किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"बाबा, मी इथली नाही का?"

मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

तिने चहा घेतला आणि गेली.

आणि एवढे झाल्यावरही, गेल्या महिन्यात मी या कलमात लिहिले होते की घर मिळाल्यापासून सहा महिन्यांत मारियनने बारलॉकनला राहायला येऊन मतदारयादीत नाव घालावे, म्हणजे पुढच्या वेळी आमच्या बाजूला एक मत वाढेल. न आल्यास घर विकावे. मिस ड्रायस्डेल यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "तुम्हाला वारस हवाय की मतदार?"

मी घरी आलो. दोन दिवस विचार केला. मग अट खोडली. मारियनने घर ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, 'नाही'वाल्याला दिले तरी चालेल. आणि तिने दारात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी इथे लेखी देतो, कारण तोंडी जमले नाही: आहेस. हे मृत्युपत्र वाचले जाण्याची वाट न बघता मी ते फोनवरही सांगणार आहे. रविवारी. स्ट्रूआन शेजारी बसणार आहे, मी ऐनवेळी चहाकडे वळलो तर कोपर मारायला.

कलम ६. दफन. शवपेटी खाली सोडायच्या आठ दोऱ्यांपैकी डोक्याकडची मारियनने धरावी, पायाकडची स्ट्रूआनने. बाकीच्या सहा कोणालाही द्या, पण 'हो'वाले सगळे एका बाजूला नकोत. गावातल्या 'नाही'वाल्यांची वजने जास्त आहेत आणि मला तिरके जायचे नाही. झेंडा नको. भाषण नको. पाद्रीबुवांनी आवरते घ्यावे.

कलम ७. पुढचे मतदान. लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की तिथल्या संसदेच्या संमतीशिवाय आम्हाला ते घेता येत नाही. संमती कधी मिळेल, मिळेल की नाही, ठाऊक नाही. स्ट्रूआन म्हणतो, "दाजी, तुमच्या हयातीत नाही." मी म्हणतो, तुझ्या हयातीत होईल, आणि तू हरशील. तारीख लागली आणि मी अंथरुणाला खिळलेला असलो, तर डॉक्टरांनी मला मतपेटी बंद होईपर्यंत ढकलत न्यावे. पुढचे त्यांच्यावर सोडतो.

आणि मी आधीच गेलेलो असेन, तर निकाल मला कबरीशी येऊन सांगावा. हे काम स्ट्रूआनला देऊ नये. तो जिंकला तर त्याला हसू आवरणार नाही, हरला तर येणारच नाही. निकाल मारियनने सांगावा. 'हो' असला तरी तिने, 'नाही' असला तरी तिने. हेक्समहून यायला अडीच तास लागतात, त्यामुळे मला उशिरा कळेल, चालेल. फक्त सांगून झाल्यावर लगेच निघू नकोस. थोडा वेळ बस.

वरील सर्व मी वाचून, समजून, चुका तशाच ठेवून, खाली सही केली आहे.

क्विंटिन ए. मॅक्लिमाँट

माझ्यासमोर सही झाली, आणि सही करताना ते रडत नव्हते, असे त्यांनी मला लिहायला सांगितले आहे:
शीना गिलफिलन, टपालवाटप, बारलॉकन

माझ्यासमोरही:
डॉ. टॉरक्विल बेन, बारलॉकन

व्यवस्थापक: मिस ऑनर ड्रायस्डेल, वकील

ठिकाण: स्वयंपाकघर, चर्च लेन, बारलॉकन
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५