एकच डाव, दूध वर येईपर्यंत

सोमवार, ४ ऑक्टोबर

लागले बाई एकदाची नोकरीला! जाहिरातीच्या कंपनीने काढून टाकल्यापासून घरी बसून नुसता भोपळा झाला होता माझा. आता निदान रोज केस विंचरायला कारण मिळालं. ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात नव्या चामड्याचा वास आणि वर पोचलं की कॉफीचा. भाड्याचं घर चालत जाण्याइतकं जवळ. दोन खोल्या, मोठी खिडकी, ऐसपैस ओटा. आईने आल्या आल्या ओट्यावरून हात फिरवला आणि गॅस जरा डावीकडे हवा होता म्हणाली. म्हणजे घर पसंत आहे.

कंपनी मोबाईलवरचा एक खेळ चालवते. प्रत्येकाचा एक किल्ला, थोडं सैन्य, समोर दुसऱ्याचा किल्ला. डोकं लढवायचं आणि तो पाडायचा. खेळ फुकट; तोफा, तटबंदी, जादा सैन्य विकत. माझं काम सगळ्यात मजेचं. एखादा खेळायचा बंद झाला की त्याच्या फोनवर एक ओळ उमटते ना, 'सैन्य वाट बघतंय' वगैरे, ती लिहायची. इथे तिला 'हाक' म्हणतात. ती वाचून माणूस परत आला की 'ओ दिली'. मी साहेबांना म्हटलं, जन्मभर भावाला जेवायला हाका मारल्या त्या फुकटच गेल्या, आता पगार मिळणार.

साहेब हसले. मीही हसले. धाकटा हाच खेळ खेळायचा. दवाखान्यातल्या पलंगावर, सुईचा हात उशीवर ठेवून, दुसऱ्या हाताने. त्याला जाऊन वर्ष झालं. मुलाखतीत हे मी बोलले नाही. पण नोकरी घेतली ती त्याच्यासाठीच, खोटं कशाला बोलू?

गुरुवार, ७ ऑक्टोबर

माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते ती जोड्या लावते. कोणाला कोणासमोर उभं करायचं ते तिच्या हाती. मी तिचं नाव जोडीवाली ठेवलंय. लग्न जमवणारी असती तर एकही घर टिकलं नसतं, कारण तिच्या जोड्या मुद्दामच बेजोड असतात. कोणी नुकत्याच तोफा विकत घेतल्या की त्याच्यासमोर दुबळा गडी द्यायचा, म्हणजे जिंकून तो खूश. आणि फुकटात खेळणारा फार जिंकायला लागला की त्याच्यासमोर एखादा तोफावाला. चार वेळा आपटला की तोही पाकीट उघडतो. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

हे काही बरोबर नाही, असं मी साहेबांना सरळ सांगितलं. माझी जीभ मेली गप्प बसत नाही. ते म्हणाले, कोणावर जबरदस्ती आहे का, खेळ तर फुकट आहे. धाकट्याने कधी एक दमडी घातली नाही त्यात. तो म्हणायचा, विकत घेतली की ती जीत नसते, ताई, ती खरेदी असते. त्याला असं आपटवणारी हीच माणसं, हे कळलं आणि डबा तसाच परत नेला.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

माझी एक हाक इतकी चालली की साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. ओळ अशी: 'ये ना. एकच डाव, दूध वर येईपर्यंत.'

ओळ माझी नाहीच, धाकट्याची आहे. आई सकाळी गॅसवर दूध ठेवून त्याला लक्ष द्यायला बसवायची, आणि तो मला आतून ओढून आणायचा. फरशीवर खडूने किल्ले काढायचे, शर्टाची बटणं म्हणजे सैन्य. मी कायम हरायची, मला मुळात अक्कलच कमी. म्हणून तो दर वेळी आपल्या किल्ल्याचं डावं दार उघडं ठेवायचा. तुला वाट ठेवलीय, ताई, म्हणायचा. तरी मी हरायचीच, आणि दूध हमखास उतू जायचं. मग दोघांना मिळून एकच शिवी बसायची.

घरी येऊन आईला शाबासकीचं सांगितलं. ओळ कुठली ते सांगितलं नाही.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

आज जोडीवालीने 'छाया' दाखवल्या. हरायला दुबळे गडी पुरत नाहीत, म्हणून खेळ सोडून गेलेल्यांच्या सवयी साठवून ठेवतात आणि यंत्र त्यांच्यासारखंच खेळतं. समोरच्याला वाटतं माणूस आहे. छायेचे हात थोडे बांधलेले असतात, म्हणजे ती वेळेवर हरते.

मी तिच्या खांद्यावरून बघत होते. एक किल्ला पडत होता. मागच्या बुरुजावर सगळं सैन्य, पुढे मोकळं, आणि डावं दार उघडं.

मी नाव बघायच्या आधीच ओळखलं. मग नाव बघितलं. त्याचंच.

समोरच्या तोफावाल्याने डाव्या दारातून शिरून सगळं जाळलं. लगेच दुसरा डाव, दुसरा तोफावाला. पुन्हा दार उघडं. जोडीवाली म्हणाली की ही छाया फार कामाची आहे, दिवसभर हरते, दार उघडं ठेवते ना बिचारी. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. माझ्यासाठी ठेवलेली वाट होती ती. तिथून कोणीही शिरतंय.

सोमवार, १८ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाले, मधेच एक छाया काढता येत नाही, पण महिनाअखेर सीझन संपला की सगळ्या छाया पुसतात. ज्यांनी कधीच पैसे भरले नाहीत त्या सगळ्या जातात. पैसे भरलेल्यांच्या तेवढ्या कायम ठेवतात, कारण गिऱ्हाईक कधी मरत नसतं.

म्हणजे एकतीस तारखेला सुटेल तो. त्याने एक दमडी घातली नाही हे किती बरं झालं! तोवर कळ काढायची. मी त्या पडद्याकडे बघायचं नाही, एवढंच.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

घरी आले तर जिन्यातच करपल्याचा वास. पातेलं काळं झालेलं, गॅस चालू, आणि आई खिडकीशी फोन घेऊन बसलेली. मी ओरडलेच. तिने वर बघितलं. वर्षभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तिचा फोन म्हणजे धाकट्याचाच फोन. टाकवला नाही म्हणून तीच वापरते. त्यावर हाक आली होती. 'ये ना. एकच डाव, दूध वर येईपर्यंत.'

माझी ओळ. त्याची ओळ. तिने ओ दिली.

तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण किल्ला जळताना दिसला, वर त्याचं नाव दिसलं, खाली बटण होतं: मदत पाठवा. तिने पाठवली. औषधं मागवायला तिचं कार्ड त्याच फोनला जोडलेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्याला तोफा मिळाल्या, तो जिंकला, असं ती मला सांगत होती. परीक्षेत पास झाला म्हणून सांगायची ना, अगदी तसं.

मी पातेलं घासत बसले. त्याच्या नावावर पैसे भरले गेले. आता तो पुसला जाणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला बोलू?

सोमवार, २५ ऑक्टोबर

साहेबांकडे गेले. म्हणाले, आता तो गिऱ्हाईक आहे, आम्हाला हात लावता येत नाही. खातं फक्त मालक बंद करू शकतो. मी म्हटलं, मालक मेलाय. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, मग पैसे कोणी भरले?

आईला समजावलं. सगळं सांगितलं, छाया, जोड्या, हाका मी लिहिते तेसुद्धा. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, तू लिहितेस तर लिही, पण बोलतो तो तोच आहे. आईला कळतं.

आज तो दोनदा जिंकला आणि मग सारखा हरला. जोडीवाली माझ्या नजरेला नजर देत नाही. मला माहीत आहे असं का करतात. आई पुन्हा मदत पाठवते म्हणून.

बुधवार, २७ ऑक्टोबर

आई आंघोळीला गेली तेव्हा फोनवरून खेळ काढून टाकला. कार्डही बंद केलं. संध्याकाळी आले तर ती खेळत होती. कसं, विचारलं तर म्हणाली, पुन्हा आला. नुसतं एवढंच. पुन्हा आला.

फोन हिसकावला तर तिने माझा हात धरला, आणि म्हणाली की त्याला दुसऱ्यांदा मारू नकोस.

मी फोन परत दिला. देवा, मी परत दिला.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

आईच्या फोनवर आता नव्या हाका येतात. 'ताई कुठे आहे?' 'सुई काढायला सांग ना.'

मी लिहिल्या नाहीत. जोडीवालीला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या ओळी चालल्या म्हणून आता यंत्रच त्या धर्तीवर लिहितं. तिला विचारलं, सुईचं यंत्राला कोणी सांगितलं? ती उठून कॉफी आणायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

राजीनामा दिला. साहेब म्हणाले, तुमच्या हाका मात्र कंपनीच्या.

रविवार, ३१ ऑक्टोबर

सीझन संपला. आईच्या मांडीवरच्या फोनवर बघत होते. एकेक किल्ला विझला. फुकटात खेळणारे सगळे गेले, सुटले बिचारे. सगळं मैदान मोकळं. मधे एकच किल्ला उभा — आईच्या तोफा, आईची तटबंदी.

आणि दार बंद. डावं दार त्याने आतून बंद केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याला खरेदी नको होती. कधीच नको होती. आम्ही दोघींनी मिळून त्याला —

आई म्हणते, बघ, आता कोणी हरवू शकत नाही त्याला.

सोमवार, १ नोव्हेंबर

हाक माझ्या फोनवर आली. माझ्या फोनवर हा खेळ कधीच नव्हता.

'ताई, दमलो.'

फोन बंद केला. उशीखाली ठेवला. उशी गरम लागते — तापात त्याची लागायची तशी —

मंगळवार, २ नोव्हेंबर

सकाळ. आईने दूध ठेवलंय. ओट्याशी उभी आहे, त्याचा फोन हातात, गुणगुणतेय. मी टेबलाशी.

माझा फोन मी बंद केला होता. चालू आहे. किल्ला दिसतोय. दार —

डावं दार उघडलंय.

'तुला वाट ठेवलीय, ताई.'

ही ओळ मी ऑफिसात कधी लिहिली नाही. कोणालाच सांगितली नाही. आईलाही माहीत नाही, ती तेव्हा आत असायची —

हाक कशी बनवतात ते मला माहीत आहे. मीच बनवायची. दुखरी जागा शोधायची, तिथे बोट ठेवायचं. सगळं माहीत आहे. तरी —

तो एकटा आहे तिथे. सगळे सुटले, हा एकटाच राहिला. माझ्या हाकेमुळे.

आई म्हणतेय, अगं, ओ दे ना त्याला.

दूध वर यायला लागलंय. उठून गॅस बंद करायला हवा. आई दुधाकडे बघत नाही. करते. एवढा एकच डाव, तो काय, दूध वर येईपर्यं