जिंकत असताना उडवलेली हुर्यो

प्रिय बाबा,

रविवारी मी आपल्याच संघाची हुर्यो उडवली. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, आणि इतक्या दिवसांत तुम्हाला लिहावं असं काही सुचलं नव्हतं. आता एक प्रश्न अडलाय. तो तुम्हालाच विचारायला हवा.

आधी काय झालं ते सांगते. तुमच्यानंतर मंडळाच्या मुलींना कबड्डी शिकवायला मी जाऊ लागले. आश्चर्य वाटलं ना? मलाही वाटलं! रविवारी प्रभादेवीच्या मैदानावर सामना होता. मी कामावरून थेट आले, उशिरा, त्यामुळे प्रेक्षकांतच उभी राहिले. शेवटची चार मिनिटं उरली होती आणि आपण सहा गुणांनी पुढे होतो. आपली कर्णधार प्रणाली रिकाम्या चढाया करत होती. समोरच्यांच्या अंगणातली निदानरेषा तेवढी ओलांडायची, कुणाच्या वाऱ्यालाही न जाता परत यायचं, वेळ काढायचा. नियमात बसतं. तरी मी ओरडले, "हुर्योऽऽ!" माझं ऐकून आपल्या गल्लीतली आणखी दहा-पंधरा माणसं ओरडली.

आपण जिंकलो. प्रणालीने बाहेर येऊन टी-शर्टवरची जर्सी काढली आणि माझ्या हातात दिली.

"ताई, सेमीला दुसरी कॅप्टन बघ. मी नाय येणार."

सतरा वर्षांची मुलगी, वरळी कोळीवाड्यातून रोज चालत येते. येत्या रविवारी उपांत्य सामना आहे. तो हरलो तर हरलो. पण ही मुलगी आता गेली तर कायमची जाईल. हे मला नक्की माहीत आहे, कारण मी तशीच गेले होते.

आठवतं तुम्हाला? मी बारावीत होते. कर्णधार होते, चार गुणांची आघाडी होती, आणि मी हेच केलं होतं. समोरच्या संघाची माणसं तासभर बोंबलत होती. त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं. मैदानात असताना परक्यांचा आवाज नुसता गोंगाट असतो, कान तो आपोआप बाजूला काढतात. मग आपल्या बाजूने एकच आवाज आला. तुमचा. तो मात्र सरळ पोटात गेला.

सामना संपल्यावर मी तुम्हाला शोधलं. तुम्ही निघून गेला होतात! घरी आले तर तुम्ही जेवून बातम्या बघत बसलेले. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. महिन्याभरात मी खेळ सोडला आणि अभ्यासाचं कारण दिलं. ते तुम्हाला खरं वाटलं होतं का?

परवा आईला विचारलं, "आपल्याच संघाची हुर्यो उडवावी का गं?"

"बोंबलायला बाहेरचे काय कमी असतात?" आई म्हणाली. "तुझ्या बाबांना पण तेव्हा हेच सांगितलेलं."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणणार! 'तुला खेळातलं कळत नाही.' म्हटलं, मला मुलीतलं कळतं."

बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

मग काल सकाळी तुमचे जुने मित्र शरदकाका, त्यांना गाठलं. ते अजूनही रोज सहा वाजता सरावाच्या मैदानावर येतात, मातीतले खडे वेचतात, पाणी मारतात. मी तोच प्रश्न त्यांना विचारला. ते खडे वेचतच बोलले.

"तुझो बापूस हरताना कधी बोंबललो नाय. जिंकताना पोरां घाबरली काय मगे बोंबलायचो. पण तो रोज सकाळी हयसर असायचो. कोण लंगडता, कोणाक ताप इलो, तेका सगळा म्हायत. आमचो कायदोच होतो, सकाळी खडे वेचूक येतलो तेनाच संध्याकाळी बोंब मारूची." मग त्यांनी मान वर केली. "तू काय बघून बोंब मारलंस गो?"

"म्हणजे?"

"श्रुतीचो पाय बघलंस? गुरवारपासून सुजलेलो."

श्रुती आपली मुख्य पकड करणारी. प्रणाली चढाईत बाद झाली असती तर सगळा भार तिच्या त्या पायावर पडला असता. म्हणून प्रणाली वेळ काढत होती. ती घाबरली नव्हती, हिशेबाने खेळत होती. मला हे कळणार कसं? कामाच्या गडबडीत तीन आठवडे मी सरावाला फिरकलेच नव्हते. मुलींचा सराव प्रणालीच घेत होती.

माझं काम दाबमापकं तपासायचं. काटा खरं सांगतोय का ते आधी बघायचं, मग आकड्यावर बोलायचं. रोज करते हे. मैदानात कशी विसरले?

आणि माझ्या त्या सामन्यात? आमच्यात कुणाचा पाय सुजला नव्हता, कुणाला ताप नव्हता. मी घाबरले होते, एवढंच. हे तुम्हाला दिसलं होतं, कारण तुम्ही रोज सकाळी तिथे होतात. म्हणजे तुमची हुर्यो बरोबर होती, रविवारची माझी चुकीची. हे मान्य करायला मला बारा वर्षं लागली.

तरी माझा प्रश्न सुटत नाही. बरोबर असलं म्हणून चारशे माणसांसमोर ओरडायचं का? घरी येऊन सांगता आलं नसतं? की घरी सांगितलं असतंत तर मी ऐकलंच नसतं? खरं सांगायचं तर नसतं ऐकलं. पण मग ओरडून झाल्यावर थांबायचं तरी, बाबा! मुलगी घामाने निथळत गर्दीत आपल्याला शोधतेय हे तुम्हाला कळलं नाही? की कळलं म्हणूनच गेलात?

आज संध्याकाळी मी कोळीवाड्यात जाणार आहे. प्रणालीच्या आईसमोर तिला सांगेन की चूक माझी होती आणि का होती. आपल्या घरात माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे नीट जमेल की नाही ठाऊक नाही. ती जर्सी घेईलच असंही नाही.

पण एक शब्द देते. ती परत आली आणि एखाद्या दिवशी खरोखरच घाबरून खेळली, तर मी हुर्यो उडवीन. त्या दिवशी सामना संपल्यावर ती बाहेर येईल तेव्हा मी समोरच उभी असेन. तिला काय विचारायचं ते विचारू दे, कितीही वेळ लागू दे. मी हलणार नाही.

तुमची,
रेवती