कुत्र्यांच्या नोटिशीखालच्या तीन ओळी

ओशकोश, विस्कॉन्सिन
४ जानेवारी १९९९

चि. आर्लिस हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी तुमच्या एल्डर क्रीकच्या टाऊन ऑफिसात तुझ्या कॉम्प्युटरवर मॅक्रो बसवून आलो, त्याबद्दल लेखी कळवतो. तोंडी सांगितलेलं तुझ्याजवळ टिकत नाही. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, कुत्र्यांच्या परवान्याची नोटीस एकदा टाइप केली, रेकॉर्डिंग बंद केलं. आता तू नाव-पत्ता घालून कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकदम दाबलंस की यंत्र माझीच बोटं पुन्हा चालवील. चार दिवसांचं काम एका सकाळीत. एकशे अठरा नोटिसा वाचत बसू नकोस. मी तपासलंय.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. गोदामात जेवणाच्या सुट्टीत सहाशे चाळीस पानांचं पुस्तक दोनदा वाचलं, तेव्हा आलं. लोकांनी ते दाराला अडसर म्हणून लावलं असतं.

गुडघा जपावा. माया असू दे.
तुझा दादा,
रॉलंड

एल्डर क्रीक
११ जानेवारी

ती. रॉलीदादास,
शि. सा. न. वि. वि.

एका सकाळीत काम झालं. तू म्हणालास म्हणून वाचलं नाही. गुरुवारी टपालात टाकलं आणि शनिवारपासून फोन खाली ठेवता येत नाहीये.

प्रत्येक नोटिशीखाली या ओळी आहेत: “चार वर्षं सांगीन म्हणतो. तुम्ही हसता तेव्हा मी कशाला आलो होतो तेच विसरतो. शुक्रवारी माझ्याबरोबर मासळीच्या जेवणाला याल का?”

आणि आमच्या कागदावर तळाला छापील नाव कुणाचं? टाऊन क्लार्क, म्हणजे आमचे साहेब गिल्बर्ट ह्यूबनर यांचं. वय एकाहत्तर, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं. विधवा मिसेस प्राबेल केस सेट करून आल्या नि साहेबांच्या टेबलासमोर हसून दाखवत बसल्या. दूधवाला बड वाइस म्हणाला, येतो की गिल्बर्ट, पण उगाच हात धरायचा नाही. साहेबांच्या पत्नी डोलोरेसबाईंनी त्यांचं ताट बंद केलंय. ते ऑफिसात चीज आणि खारी बिस्किटं खातात नि माझ्याकडे बघतात.

हा माझाच चावटपणा आहे असं सगळे समजतात. सव्वीस तारखेला टाऊन बोर्ड बसणार आणि मला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. एकोणीस वर्षांची नोकरी आहे, दादा. त्या ओळी आल्या कुठून?

लोभ आटू देऊ नये.
आर्लिस

ओशकोश
१३ जानेवारी

चि. आर्लिस हिस, आशीर्वाद.

मॅक्रो चुकत नाही, माणूस चुकतो. तू मधेच काहीतरी दाबलं असशील. कॉफीचा कप कीबोर्डवर ठेवायची तुझी सवय मी पाहिली आहे. रेकॉर्ड झालेली एकूण एक पायरी यंत्र लिहून ठेवतं. टूल्स, मग मॅक्रो, मग एडिट. ती यादी उघड, वरपासून खालपर्यंत वाच, आणि माझी माफी नीट समास सोडून लिही.

गुडघ्याला शेक दे.
रॉलंड

एल्डर क्रीक
१६ जानेवारी

ती. दादास सा. न.

वाचली यादी. नोटीस संपते तिथे रेकॉर्डिंग संपत नाही. पुढे “प्रिय मार्व्हेल” असं टाइप केलंय. मग ते एकेक अक्षर मागे जाऊन खोडलंय. मग त्या तीन ओळी. रेकॉर्डिंग बंद त्यानंतर. तू त्या कागदावरून पुसल्यास, यंत्राच्या डोक्यातून नाही.

वाचनालयातली मार्व्हेल टोलेफ्सन! दर शनिवारी माझ्याकडे यायच्या आधी तू तिकडे का वळतोस ते तुझ्या बावन्नाव्या वर्षी कळलं. मला वाटायचं, वाचनाची आवड.

हसून घेतलं, आता खरं लिहिते. बोर्डापुढे मी तुझं नाव घेणार नाही. घ्यायचं तर तूच घे.

तुझीच,
आर्लिस

ओशकोश
१९ जानेवारी

चि. आर्लिस हिस,

सोबत बोर्डासाठी कबुली जोडली आहे. रेकॉर्डिंग बंद केल्याची खात्री मी केली नव्हती. केली असं तुला सांगितलं. हे वाक्य लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मार्व्हेलबाईंचं नाव गाळणार होतो. पण नाव नसेल तर डोलोरेसबाई विश्वास ठेवणार नाहीत, आणि तुझी खुर्ची अर्ध्या कबुलीवर टिकायची नाही. म्हणून घातलं.

यापुढे शनिवारी तुझ्याकडे येणं मला जमायचं नाही. कारण विचारू नकोस.

रॉलंड

एल्डर क्रीक
२८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझी नोकरी शाबूत! अध्यक्षांनी कबुली मोठ्यानं वाचली, समासांच्या मापांसकट. डोलोरेसबाईंनी त्याच रात्री डुकराचं मांस भाजलं. मिसेस प्राबेल तेवढ्या नाराज आहेत.

मात्र बैठकीचे कागद दाराशेजारच्या फळ्यावर लावावे लागतात, तुझा कागदही लागला. काल मार्व्हेल आली. हातमोजे काढून तिनं तो दोनदा वाचला. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, अख्ख्या गावाला नोटीस गेली, मलाच कशी नाही? मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे मांजर आहे, कुत्रा नाही. ती म्हणाली, असू दे, एक काढा, खालच्या ओळींसकट.

मी कंट्रोल, शिफ्ट, डी दाबलं. तिनं तिथेच उभ्यानं नोटिशीला जोडलेली उत्तराची चिठ्ठी भरून दिली. मूळ प्रत दप्तरी ठेवली आहे, मजकूर कळवते:

कुत्र्याचं नाव: रॉलंड. वय: अंदाजे पन्नास. केस: विरळ. चावतो का: पाच फेब्रुवारीला, शुक्रवारी साडेपाचनंतर कळवते.

तेव्हा निळं जाकीट घाल, आणि माया थोडी माझ्यासाठीही ठेव.

तुझी,
आर्लिस