घड्याळावर ठिपके की रेषा

१४ ऑक्टोबर १९७४

विचारलं शेवटी! मुख्याध्यापक लुडेविग किती दिवस मागे लागले होते. "गेर्लिंडेबाई, सहज विचारायचं. बातम्यांआधी टीव्हीवर घड्याळ दिसतं, त्यावर ठिपके असतात की रेषा?" आपलं घड्याळ वेगळं, पश्चिमेकडचं वेगळं. कुणाच्या घरी सीमेपलीकडचं, आपल्या सरकारला न चालणारं टीव्ही लागतं, ते पोरंच सांगून टाकतात.

रीके पोलांट टुणकन उठली. "बाई, दोन्ही! आधी एक असतं, मग बाबा बटण फिरवतात, की दुसरं!"

वर्ग हसला. मीही हसले. आणि मधल्या सुट्टीत जाऊन तिचं नाव सांगून आले.

आमच्याकडे तरी काय लागतं? तेच!

१५ ऑक्टोबर

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, "एकही नाव दिलं नसतंस तर तुझ्यावरच संशय आला असता. सूप पी, निवतंय."

२२ ऑक्टोबर

रीकेच्या बापाचा वाजवायचा परवाना काढून घेतला. एकहार्ट — शनिवारच्या नाचाला ट्रम्पेट वाजवतो तो. निमित्त काय, तर शंभरातली साठ गाणी आपल्या बाजूची हवीत, यानं बाहेरचीच जास्त वाजवली. अख्खं गाव नाचलंय त्यांवर! मीसुद्धा. पाय दुखेपर्यंत.

२३ ऑक्टोबर

रीके हात वर करत नाही.

२९ ऑक्टोबर

बेकरीच्या रांगेत रीकेची आई नेमकी माझ्यापुढे. तिनं पाठ फिरवली असती तर बरं झालं असतं. उलट हळूच म्हणाली, "बाई, पोरीला चांगलं झापलंय आम्ही. पुन्हा नाही बोलायची असं. तुम्हाला उगाच त्रास झाला, माफ करा."

माफी — माझी! पाव न घेताच परतले.

३० ऑक्टोबर

लुडेविगांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, आमच्या घरीही पश्चिमेकडचंच बघतो. माझंही नाव लिहा."

त्यांनी उठून दार लावलं. "वेड लागलंय का बाई? माझ्या घरी काय वेगळं बघतात? बसा. कॉफी घ्या."

आणि मी बसले. कॉफी घेतली! वर साखरही मागितली.

४ नोव्हेंबर

आमची इनेस शाळेतून रडत आली. आठ वर्षांची पोर, हुंदके थांबेनात. जवळ ओढलं, विचारलं, काय झालं गं?

माझे हात बाजूला करून म्हणाली, "आधी सांग आई — तू कुणाला सांगशील?"