भांड्यावरचं नाव

बेडोक, सिंगापूर
२ मार्च २०१४

ती. बाबांना,
नीलिमाचा शि. सा. न.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र. खरं तर बोलण्यासारखं माझ्याकडेही काही नाही. शिरीष जुरोंग आयलंडच्या कंपनी-बसमध्ये बसल्याजागी गेला त्याला दीड महिना झाला, पण मला अजून रडू आलेलं नाही. गॅस पेटवलेला नाही. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाड्यांवरून काहीतरी आणते, चव कळत नाही.

माझा इथे राहण्याचा पास त्याच्या नोकरीवर होता, तो आता संपेल. इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं नोकरी देऊ केलीय, माझ्या नावावर पास मिळेल, महिनाअखेर कळवायचंय. दमयंतीआत्या मात्र फोनवर म्हणतात, की आता सुनेनं सासऱ्यांपाशी, म्हणजे तुमच्यापाशी, यावं, लोक काय म्हणतील. असेल तसंच. मी आवराआवर सुरू केलीय.

शेजारच्या कोरियन मिसेस ओह मदतीला येतात. भांड्यांचा ढीग बघून त्या म्हणाल्या, सल्लिम. अर्थ विचारला तर एकावर थांबेनात. घर चालवणं म्हणजे सल्लिम, घरातली भांडीकुंडी म्हणजेही सल्लिम, आणि माणसाची ऐपतसुद्धा. शब्द मठाची मालमत्ता सांभाळण्यावरून आला असं कुणी म्हणतं. त्यांच्या आईच्या मते मूळ 'जिवंत ठेवणं'. तुम्ही असतात तर लगेच धातू विचारला असतात.

मग त्यांनी भांड्यांवर काय कोरलंय ते विचारलं. मी वाचत गेले: तुमचं कमलाकर, मग शिरीष कमलाकर, पुन्हा कमलाकर. तुझं कुठलं, असं त्यांनी विचारलं. सगळी उलटीपालटी करून पाहिली, एकही नव्हतं. वाईटसुद्धा वाटलं नाही, बाबा. महिनाअखेरीस निघते.

लोभ वाढावा असं आज म्हणवत नाही, आहे तेवढा राहू द्या.
नीलिमा


पुणे
१२ मार्च २०१४

चि. सौ. नीलिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' सवयीनं लिहिलं गेलं. खोडायला हात धजला नाही, राहू दे.

धातूचा विषय काढून निवृत्त मास्तराला आयतं कुरण दिलंस. 'संसार' सृ धातूवरून, म्हणजे सरकत राहणं. भांड्यांनाही आपण संसारच म्हणतो. आपला आपोआप सरकतो, त्यांचा जिवंत ठेवावा लागतो. त्या बाईंच्या आईशी मी वाद घालणार नाही.

दमयंतीला सांगितलंय, की माझा डबा बाहेरून येतो आणि मला स्वयंपाकाला सून नको. ती रुसलीय; लहानपणापासून रुसते. तू आलीस तर मला हवीच आहेस, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी घर खायला उठतं. पण तुझ्याकडे बघून मी शिरीषला शोधणार, माझ्याकडे बघून तू. दोघंही तशीच बसून राहू.

शिरीषचा मित्र सारंग पुढच्या आठवड्यात तिकडे परततोय. त्याच्याबरोबर एक पातेली पाठवतोय. नाव घालणाऱ्यानं कोणाकडून, आडनाव काय, सगळं विचारलं. नुसतं 'नीलिमा' घाल म्हटलं. पुढे जागा रिकामी दिसेल म्हणाला. ती बघेल काय करायचं ते, असं सांगून मी पैसे दिले.

लोभ आहेच, पत्रं वाढव.
बाबा


बेडोक
३० मार्च २०१४

ती. बाबांना,
शि. सा. न.

पातेली पोचली. प्रयोगशाळेला हो कळवलं. जुनी भांडी पुन्हा मांडणीवर लावली.

आज गॅस पेटवला. नव्या पातेलीत भात केला आणि मिसेस ओहना बोलावलं. लक्ष नव्हतं, भात तळाला लागला. मी ओशाळले, तर त्यांनी ती खरवडच मागून घेतली. त्यांच्याकडे आवडीनं खातात म्हणे. आमचा शिरीषही खरवडीसाठी भांडायचा, असं त्यांना सांगायला गेले आणि बाबा, मला रडू आलं. थांबेचना. त्या शेजारी बसून खात राहिल्या.

आता तुमचं. बाहेरचा डबा पुरे झाला. मे महिन्यात रजा घेऊन येतेय, मला तुमच्या हातचं पिठलं हवंय. तोवर सवय करा, रोज एकदा तरी गॅस पेटवा.

लोभ आता वाढवायला हरकत नाही.
तुमची नीलिमा